भाऊजींचं बोलणारं मशीन

कांताबाईंचा फोन आला तेव्हा मी बेलवलीच्या घरी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. कांताबाई म्हणजे अंबरनाथला बुवापाड्यात भाऊजी राहायचे त्या आमच्या जुन्या खोलीच्या शेजारीण. त्या म्हणाल्या, "वहिनी, भाऊजींचं दार वाजवून वाजवून हात दुखला माझा. आत मशीन बोलतंय, पेपर वाचतंय, पण भाऊजी काय दार उघडत नाहीत..." मी म्हटलं, "जोरात हाका मारा, झोप लागली असेल." पण म्हणता म्हणताच मला कळून चुकलं होतं. मशीन बोलायला लागलं की भाऊजी कधी झोपून राहिले नाहीत. मी आणि आमचे हे रिक्षाने पोचेपर्यंत चाळीतल्या लोकांनी कडी तोडली होती. भाऊजी खुर्चीत बसलेले, मान एका बाजूला कललेली, आणि ते मशीन आपलं वाचतच होतं. बंद कसं करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी मीच पुढे होऊन ते बंद केलं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. दिवस झाले, येणारे येऊन गेले. प्रत्येकाने तेच विचारलं, मीही प्रत्येकाला तेच सांगितलं. खरं सांगायचं तर आता बोलण्याचाही कंटाळा आलाय. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट मी भाऊजींना सांगायची ठेवली होती. थोडीथोडकी नाही, पंधरा वर्षं ठेवली. त्यांचं जीव की प्राण असलेलं काम माझ्या खोटं बोलण्यामुळे सुटलं, आणि हे त्यांना माहीत होतं की नाही ते मला कधी विचारता आलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि माणूसच उठून गेला. कपाळ माझं, दुसरं काय!

सुधाकरभाऊजी माझे धाकटे दीर. सहाव्या वर्षी गोवर झाला आणि त्यात दोन्ही डोळे गेले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "वहिनी, तुमचा डावा पाय दुखतो का?" सासूबाईंनी डोळे वटारले. मला नवी चप्पल चावली होती, बाकी काही नाही. पण खोलीभर पन्नास माणसं असताना यांना तेवढं ऐकू आलं! पुढे पुढे तर मी भाजीत मीठ घालायला विसरले तरी मिठाच्या डब्याचं झाकण वाजलं नाही म्हणून ते बाहेरून मला हाक मारायचे. मी चिडायचे. "तुमचे कान जरा झाकून ठेवत जा हो भाऊजी," म्हणायचे. ते हसायचे. हसताना त्यांचे खांदे उडायचे, आवाज मात्र फारसा यायचा नाही.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डावर बसले की त्यांचं रूपच बदलायचं म्हणे. आमचे हे त्याच कंपनीत फिटर, त्यामुळे रोजच्या बातम्या घरी यायच्या. मुंबईच्या ऑफिसातले साहेबलोक नुसतं हॅलो म्हणाले की भाऊजी नाव घेऊन नमस्कार करायचे. कुणाला सर्दी झालीय, कोण घरून भांडून आलाय, सगळं त्यांना आवाजावरून समजायचं. एका साहेबांच्या बायकोने तर दिवाळीला त्यांच्यासाठी वेगळा फराळाचा डबा पाठवला होता, कारण "तुमच्या ऑपरेटरशी बोललं की बरं वाटतं." घरी आमच्याशी बोलायचे त्याच्या दहापट ते त्या बोर्डावर बोलत असतील. आंधळ्या माणसाला कोण काय मोठी नोकरी देणार, पण भाऊजींना ती खुर्ची सोडून दुसरं काही नकोच होतं.

मग कंपनीत आपोआप फोन जोडणारा बोर्ड आला. ऑपरेटरची गरजच उरली नाही. नवीन आलेल्या ऑफिसरने भाऊजींना बोलावून सांगितलं, की चौकशीचे फोन घ्यायला एक माणूस ठेवणार आहोत, पण त्याला आलेली चौकशी कॉम्प्युटरवर लिहिता आली पाहिजे आणि लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. तुम्ही करून दाखवा, सोमवारी अमुक वाजता, नाहीतर आम्हाला पॅकिंगला माणूस हवाच आहे. भाऊजी म्हणाले, दाखवतो. त्यांना त्यांच्या अंध मित्रमंडळींकडून कळलं होतं की लिनक्स नावाची एक सिस्टीम फुकट मिळते आणि तिच्यात स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायची सोय असते. उल्हासनगरला गोपभाई नावाचे एक सिंधी दुकानदार जुने कॉम्प्युटर विकायचे, त्यांच्याकडून एक डबा उचलून आणला. सिस्टीम घातली. सगळं झालं, पण मशीन काही बोलेना.

झालं होतं असं की त्या डब्यातलं साउंड कार्ड, म्हणजे आवाज काढणारा भाग, जुनाट होतं आणि सिस्टीमच्या गाभ्याला, ज्याला कर्नल म्हणतात, ते ओळखताच येत नव्हतं. त्यावर उपाय एकच. कर्नल नव्याने बांधून घ्यायचा, आणि बांधताना त्याला सांगायचं की बाबा रे, हे कार्ड आपल्याकडे आहे, याची सोय कर. हे सांगायची पद्धत मोठी छळणारी. मशीन एकामागून एक प्रश्न विचारतं. हे हवं का, ते हवं का? प्रत्येक प्रश्नाला हो असेल तर वाय दाबायचं, नको असेल तर एन, आणि लागेल तेव्हा घेऊ असं असेल तर एम. नुसतं एंटर दाबलं तर मशीन स्वतःच्या मनाने ठरवतं. प्रश्न शेकड्यांनी, आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. डोळस माणूसही रडकुंडीला येईल, आणि इथे तर जे मशीन बोलायला हवं तेच मुकं. म्हणून भाऊजींना वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. मी उल्हासनगरच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, इंग्रजी टायपिंग यायचं. घरात दुसरं कोण होतं?

तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. आठवड्याची धुणी पडलेली, सासूबाईंचे गुडघे सुजलेले, आणि मी सकाळी नऊपासून त्या स्क्रीनसमोर. भाऊजी शेजारी स्टुलावर, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. मी एकेक ओळ वाचायची, ते म्हणायचे, "एन." मी पुढची वाचायची. "एन." "वाय, वहिनी, हे वाय." मधेच त्यांना एखादा प्रश्न समजायचा नाही, मग खुलासा वाचा, तोही इंग्रजीत. अर्ध्या शब्दांचे उच्चार मला येईनात, मग अक्षरं सांगायची. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भाऊजी, उरलेलं उद्या करू या ना," मी एकदा म्हणूनही पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, उद्याच तर दाखवायचंय." मी पुढची ओळ वाचली.

अकराच्या सुमाराला नळ आला. बुवापाड्यात तेव्हा पाणी पाऊण तास यायचं, ज्याने ते गमावलं त्याचा दिवस गेला. बाहेर बादल्यांचा आवाज सुरू झाला, सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, पिंप लाव!" आणि प्रश्न तर संपता संपत नव्हते. ही ओळ संपवून उठू, ही संपवून उठू असं करत मी वाचणं सोडलं आणि नुसतं एंटर, एंटर, एंटर दाबत सुटले. पाच-सहा वेळा तरी दाबलं असेल. कुठला तरी फालतू भाग चालला होता, आपोआप जे ठरेल ते ठरेल असं मला वाटलं. आणि उठता उठता वर सरकून गेलेल्या ओळीत मला साउंड हा शब्द दिसला. त्याच्या पुढे एन पडला होता.

मी पाणी भरून आले. साडीचा पदर ओला, कंबर मोडलेली. पुन्हा बसले आणि पुढच्या ओळीपासून वाचायला लागले. थोड्या वेळाने भाऊजींनी विचारलं, "वहिनी, साउंडचं आलं का हो?" मी म्हटलं, "आलं ना." "काय दिलंत?" "वाय दिलं." ते म्हणाले, "आणि कार्डाचं नाव? वाय दिलं की लगेच कार्डांची नावं विचारतो तो." मी म्हटलं, "विचारली. तीही दिली. तुमचंच लक्ष नव्हतं, नळाच्या गडबडीत." असं म्हणाले मी त्यांना. तुमचंच लक्ष नव्हतं! ज्या माणसाला डब्याचं झाकण वाजलं नाही तेही कळायचं त्याला मी हे सांगितलं. मला फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको होती. दोन तास पुन्हा एन, एन, वाय, एन करायचं त्राण माझ्यात नव्हतं. एवढंच कारण, त्याहून मोठं काही नाही. भाऊजी म्हणाले, "बरं. वाचा पुढे."

कर्नल बांधून व्हायला त्या डब्याला सोमवार सकाळ उजाडली. भाऊजींनी मशीन पुन्हा चालू केलं आणि कान लावून बसले. काहीच नाही. पंख्याचा घूं घूं आवाज तेवढा. "स्पीकरची वायर सैल असेल," ते म्हणाले, "कंपनीत दुसरे स्पीकर असतील." मी पोळ्या लाटत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. ऑफिसरला फोन करून एक दिवस मागून घेता आला असता, तो काही राक्षस नव्हता. पण काल खोटं बोलले ते आज कसं सांगायचं, असं वाटून मी गप्प राहिले. आमच्या ह्यांनी डबा रिक्षात घातला, भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि दोघं गेले. दुपारी परत आले तेव्हा ह्यांनी डबा कोपऱ्यात नेऊन ठेवला. भाऊजीच हसत म्हणाले, "वहिनी, आपलं मशीन साहेबाला घाबरलं. तोंडच उघडेना." मी त्यांना पाणी दिलं. बोटांवर बोटं आपटली म्हणून पेला थोडा सांडला.

पुढच्या आठवड्यापासून ते पॅकिंगला. नट, बोल्ट आणि वॉशर मोजून पिशव्यांत भरायचे. शेजारी पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा खट्ट खट्ट आवाज दिवसभर, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. बारा वर्षं, निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते केलं. तक्रार एकदाही केली नाही, पण घरी आले की त्यांचा आवाज बसलेला असायचा. न बोलून बसलेला आवाज कसा असतो ते मी तेव्हा ऐकलं. एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "आता आवाज ओळखायची सवय सुटत चालली वहिनी. सगळे सारखेच वाटतात." मी उठून ताक आणायला गेले आणि ताकाचं भांडं समोर असून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.

मशीन मात्र त्यांनी सोडलं नाही. पण त्या रविवारनंतर मला कधी वाचायला बसवलंही नाही. तीनेक महिन्यांनी एका सुट्टीला डबा घेऊन ते एकटेच उल्हासनगरला गोपभाईंकडे गेले. गोपभाई म्हणाले, "आओ साईं, बैठो, आज अपन दोनों मिलके इसको बुलवाते हैं." दुकान चालवत चालवत त्यांनी सगळे प्रश्न वाचून दाखवले. संध्याकाळी भाऊजी घरी आले ते दारातूनच ओरडत, "वहिनी! अहो वहिनी, बोललं! या, ऐका!" आवाज कसला, नाक चोंदलेल्या माणसाने पाढे म्हणावेत तसला. पण भाऊजींचा चेहरा असा फुलला होता की मला रडूच आलं. त्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय. म्हणाले, "कार्ड चांगलंच होतं. माझंच काहीतरी चुकलं होतं त्या दिवशी." मी तेव्हाही गप्प. पुढे त्यांनी कंपनीत जाऊन विचारलं, पण त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

त्यानंतर बुवापाड्याची ती खोली हळूहळू प्रसिद्ध झाली. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर, कुठून कुठून अंध मंडळी आपापले मुके डबे घेऊन यायची. कुणाचं कार्ड कुठलं, कर्नलमध्ये काय हो म्हणायचं, काय नको म्हणायचं, हे भाऊजींना तोंडपाठ झालं होतं. आता त्यांचं मशीन त्यांना प्रश्न वाचून दाखवायचं, तेही अशा सुसाट वेगाने की मला एक अक्षर कळत नसे. आम्ही बेलवलीला फ्लॅट घेतला, सासूबाई गेल्या, तरी भाऊजी खोली सोडून आले नाहीत. मी आठवड्यातून दोनदा जेवणाचा डबा घेऊन जायचे. लोक बसलेले असले की भाऊजी सांगायचे, "नळ येऊन जाऊ दे, मग सुरू करू." प्रत्येकाला सांगायचे. ते ऐकलं की मनात यायचं, यांना ठाऊक आहे का? की आपली साधी सवय? विचारायला तोंड उघडायचे आणि विचारायचे काय, तर "भाऊजी, शेंगदाण्याची चटणी संपली का?"

परवा बदलापूरच्या शोभाताईंचा फोन आला. त्याही अंध आहेत, गाण्याच्या शिकवण्या घेतात. रडत रडतच म्हणाल्या, "सुधाकरदादांनी माझं मशीन बसवलं होतं, त्याची फाईल मिळेल का हो? सिस्टीम बदलली आणि माझं मशीन मुकं झालंय." आजकाल हे कर्नल बांधणं फारसं कुणाला करावं लागत नाही म्हणे, पण त्यांचा डबाही असाच जुना. मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी बुवापाड्याला गेले, खिडकी उघडली, खुर्ची पुसली. मशीनला स्क्रीन नाहीच, भाऊजींनी तो कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. "मला काय करायचाय?" म्हणाले होते. म्हणजे मलाही आता ऐकूनच काम करावं लागणार होतं. मी आधी आवाजाचा वेग कमी केला. इतकी वर्षं जाऊन-येऊन तेवढं शिकले होते.

ज्यांची ज्यांची मशीनं त्यांनी बसवली त्यांच्या फाईली एका जागी होत्या. प्रत्येक फाईलमध्ये दिलेली सगळी उत्तरं असतात, आणि हॅशच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी मशीन सोडून देतं, त्यात माणसाने आपल्यापुरतं काही लिहून ठेवावं. शोभाताईंची फाईल उघडली. वरच्याच ओळीत भाऊजींनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं आणि मशीन त्याची पार वाट लावून वाचत होतं. तरी कळलं: शोभाताई गाणं शिकवतात, आवाज फाटता कामा नये. पुढच्या फाईलमध्ये: काकांना एका कानाने कमी ऐकू येतं. मला हसू आलं आणि भरूनही आलं. मग यादीत सगळ्यात जुनी फाईल आली. तिचं नाव होतं रविवार.

मी ती उघडली. मशीन वाचायला लागलं. "नळ आला तेव्हा सहा एंटर ऐकू आले. त्यात साउंड गेला. वहिनी फार दमल्या होत्या. त्यांना हे कधी विचारायचं नाही." आणि त्याखाली ती बाकीची शेकडो उत्तरं, मी दाबलेली, एकेक.

मी मशीन थांबवलं. पहिल्यांदा आला तो राग. अहो भाऊजी, सहा एंटर ऐकले होते तर तेव्हाच ओरडायचं होतं ना माझ्यावर! तीनदा विचारलंत, चौथ्यांदा विचारलं असतंत तर बोलले असते मी. बहुतेक बोलले असते... मी दमले होते म्हणून तुम्ही सोमवारी तो मुका डबा उचलून गेलात, आणि मग बारा वर्षं बोल्ट मोजलेत? आणि इकडे मी पंधरा वर्षं चोरासारखी तुमच्या दारात चटणीची चौकशी करत उभी! कांताबाई आवाज ऐकून दारात आल्या. "कुणाशी बोलताय वहिनी?" मी म्हटलं, "कुणाशी नाही. तुम्ही जा." त्या गेल्यावर मात्र मी मनसोक्त रडून घेतलं. इतक्या दिवसांत नीट रडलेच नव्हते.

मग कीबोर्ड जवळ ओढला. भाऊजींच्या ओळीखाली हॅशची खूण केली आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की हो, मीच दाबले होते, मला दिसलं होतं आणि मी खोटं बोलले. प्रत्येक अक्षर दाबलं की मशीन ते मोठ्याने म्हणत होतं, त्यामुळे सांगणं लवकर संपेना. फाईल बंद करताना त्याने विचारलं, बदल जतन करायचा का? मी तो प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि वाय दाबलं.